घरात सापडलेली जुनी पोर्ट: उघडायची की ठेवायची?

गेल्या वर्षी नौपाड्यातली काकांची इमारत पुनर्विकासाला गेली. घर रिकामं करताना आतल्या खोलीच्या फडताळात, जुन्या चादरींच्या मागे, पोर्ट वाइनच्या चार बाटल्या निघाल्या. काका मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते, आणि बंदराबंदरांतून आणलेल्या वस्तूंनी ते घर भरलेलं होतं. काका जाऊन सहा वर्षं झाली होती. काकू म्हणाली, "ह्या ह्यांच्या पोर्टच्या बाटल्या. जितकी जुनी तितकी चांगली, म्हणायचे. आता तूच बघ काय करायचं ते."

मी बघितलं, वाचलं, जाणकारांना विचारलं. चारांपैकी तीन बाटल्यांची वेळ केव्हाच टळून गेली होती, त्या काकांनी स्वतः प्यायला हव्या होत्या. चौथी मात्र खरोखरच थांबण्याजोगी होती. "जितकी जुनी तितकी चांगली" हे वाक्य पोर्टच्या एका प्रकाराला लागू पडतं, बाकीच्यांना नाही. तुमच्याकडची बाटली कोणती, हे ओळखायला हा लेख उपयोगी पडेल.

१. बाटली उचलण्याआधी फोटो काढा

बाटली आडवी होती की उभी, कोणती बाजू वर होती, हे आधी टिपून ठेवा. जुन्या पोर्टमध्ये साका, म्हणजे खाली बसणारा गाळ, असतो. वर्षानुवर्षं एका बाजूला बसलेला साका हलवला की सगळी बाटली गढूळ होते. काही जुन्या बाटल्यांच्या काचेवर पांढऱ्या रंगाचा एक फराटा दिसतो, चुन्याचं बोट ओढल्यासारखा. ती घाण समजून पुसू नका. बाटली आडवी ठेवताना वरची बाजू कोणती, हे कळावं म्हणून तळघरात केलेली ती खूण असते.

मग पुढचं लेबल, मागचं लेबल, मान आणि बूच यांचे जवळून फोटो घ्या. आपल्याकडे पावसाळ्यात लेबलं सुटतात, बुरशीने काळी पडतात, कसर कडा खाऊन टाकते. लेबल गेलं की ओळख गेली.

जवळ हे असू द्या:

- टॉर्च (मोबाइलचा चालेल)
- विकत घेतल्याची पावती, ड्यूटी फ्रीची पिशवी, पासपोर्टवरचे शिक्के, म्हणजे बाटली घरात केव्हा आली ते सांगणारं काहीही
- स्क्रूचं साधं बूचकाढणं, आणि जमल्यास दोन पात्यांचंही
- धुतलेली मलमल किंवा कॉफीचा कागदी फिल्टर
- काचेचा स्वच्छ जग
- मद्य बाळगण्याचा-पिण्याचा परवाना. आपल्या राज्यात तो लागतो. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून वर्षाचा किंवा आजीवन ऑनलाइन काढता येतो.

२. ही पोर्तुगालची पोर्ट आहे का?

आपल्याकडे "पोर्ट वाइन" म्हटलं की बहुतेकांना गोव्याहून येताना आणलेली गोड, लाल, स्वस्त वाइन आठवते. तिचं तिच्या जागी ठीक आहे, पण ती ठेवण्यासाठी केलेली नसते. लेबलावर गोवा किंवा महाराष्ट्र असेल तर पुढची पायरी वाचायची गरज नाही. नवी असेल तर लवकर पिऊन टाका. दहा-पंधरा वर्षं पडून असेल तर फार आशा ठेवू नका. काकांच्या चारांतली एक अशीच होती. रंग काढ्यासारखा तपकिरी झाला होता आणि वासाला आंबूस येत होती. ती ओतून टाकली.

खरी पोर्ट उत्तर पोर्तुगालच्या दोरो नदीच्या खोऱ्यातली. त्या प्रदेशाच्या हद्दी १७५६ साली आखल्या गेल्या. द्राक्षांचा रस आंबत असतानाच, त्यातली साखर पूर्ण संपण्याआधी, ७७ टक्के अल्कोहोलची द्राक्षांची स्पिरिट घालून आंबणं थांबवतात. म्हणून पोर्ट गोड राहते आणि तिची ताकद २० टक्क्यांच्या आसपास जाते. साधी वाइन १२-१४ टक्क्यांची असते. ही जादा ताकद आणि साखर यांमुळेच पोर्ट जास्त टिकते, पण टिकणं वेगळं आणि सुधारणं वेगळं.

ओळखायची खूण म्हणजे मानेवर, बुचाच्या आसपास, पोर्ट-दोरो वाइनच्या सरकारी संस्थेची क्रमांक छापलेली कागदी पट्टी असते. बाटलीवर ती असेल तर पुढे चला.

३. लाकडात मुरली की बाटलीत?

सगळा निर्णय या एका प्रश्नावर आहे, तेव्हा इथे घाई करू नका.

लोणच्याचं उदाहरण घ्या. फोडींना मसाला लावून बरणी भरली की ते बरणीत मुरतं. मुरलेलं लोणचं वाटीत काढून कपाटात ठेवलं तर ते आणखी मुरत नाही, खराब होतं. पोर्टचेही असेच दोन वर्ग आहेत. एका वर्गाला बाटली म्हणजे बरणी, दुसऱ्याला बाटली म्हणजे वाटी.

टॉनी. ही वाटीतली. लाकडी पिंपात वर्षानुवर्षं राहून तिचा लाल रंग उतरत जातो, विटकरी आणि मग मधासारखा होतो. अक्रोड, सुकं अंजीर, काकवी असे वास येतात. लेबलावर १०, २०, ३० किंवा ४० वर्षं लिहिलेलं असतं. हा वेगवेगळ्या वर्षांच्या पोर्टचा मेळ असतो आणि आकडा त्या मेळाच्या वयाची पातळी सांगतो. बाटलीत भरली त्या दिवशी ती प्यायला तयार असते.

माझी स्वतःची चूक इथली आहे. २०१२ मध्ये परदेशातून येताना मी २० वर्षांची टॉनी आणली आणि न उघडता दहा वर्षं ठेवली. समजूत अशी की आता ती ३० वर्षांची होईल. उघडली तेव्हा गोडी होती, पण अक्रोडाचा तो सुंदर वास पार गेला होता. साखरेचं पाणी प्यायल्यासारखं वाटलं. चांगले पैसे मोजलेली वस्तू मी केवळ गैरसमजापायी घालवली, याचं मला आजही वाईट वाटतं. टॉनी असेल तर मागच्या लेबलावर भरल्याचं वर्ष शोधा. इ-एन-जी-ए-आर-आर-ए-एफ-ए-डी-ओ, म्हणजे "एंगाराफादो", हा पोर्तुगीज शब्द दिसला की त्याच्याजवळचं साल बाटलीत भरल्याचं. ते दोन-तीन वर्षांच्या आतलं असेल तर उत्तम. त्याहून जुनं असेल तर आजच प्या.

कोल्येता. सर्वांत मोठा सापळा हा. सी-ओ-एल-एच अशी सुरुवात असलेला हा शब्द आणि सोबत एक साल, समजा १९७४, बघून माणूस हुरळतो आणि बाटली जपून ठेवतो. पण ही एकाच वर्षाच्या पिकाची टॉनी आहे. किमान सात वर्षं लाकडात असते, कित्येकदा त्याहून कितीतरी जास्त. हिच्यासाठीही भरल्याचं सालच महत्त्वाचं. १९७४ चं पीक आणि २०२२ मध्ये भरलेली असेल तर फारच छान. पण १९७४ चं पीक १९८४ ला भरलं असेल तर ती चाळीस वर्षं वाटीत पडून आहे.

रूबी आणि रिझर्व्ह. ताज्या फळांची, जांभळासारखी गडद. ठेवून काही मिळत नाही. प्या.

लेट बॉटल्ड व्हिंटेज, म्हणजे एलबीव्ही. एका वर्षाचं पीक, चार ते सहा वर्षांनी बाटलीत भरलेलं. यात दोन उपप्रकार आहेत आणि ते बुचावरून कळतात. प्लॅस्टिकची टोपी असलेलं, हाताने उपटून पुन्हा लावता येणारं बूच असेल तर बहुधा गाळून भरलेली, लगेच प्यायची. पूर्ण आत ठोकलेलं लांब बूच असेल आणि लेबलावर "अनफिल्टर्ड" असेल तर ती थंड जागी आणखी काही वर्षं सुधारू शकते.

व्हिंटेज. ही बरणी. लेबलावर "व्हिंटेज" आणि एकच साल, पण "लेट बॉटल्ड" हे शब्द नाहीत. चांगल्या वर्षाचं निवडक पीक, दोन ते तीन वर्षांत न गाळता बाटलीत भरतात आणि पुढचं सगळं मुरणं बाटलीत होतं. साका तिथेच तयार होतो. असं पीक दरवर्षी जाहीर होत नाही. १९६३, १९७७, १९८५, १९९४, २०००, २००३, २००७, २०११, २०१६ आणि २०१७ ही पोर्ट बनवणाऱ्या बहुतेक मोठ्या घराण्यांनी जाहीर केलेली वर्षं. थंड तळघरात अशी बाटली वीस ते चाळीस वर्षांत रंगात येते, उत्तम असेल तर त्याहून पुढे जाते. एखाद्या मळ्याचं म्हणजे "किंता"चं नाव असलेली व्हिंटेज त्यामानाने लवकर तयार होते, पण हा काही पक्का नियम नाही.

काकांच्या उरलेल्या तिघींपैकी एक टॉनी होती, १९९८ ला भरलेली. एक टोपीच्या बुचाची एलबीव्ही. आणि एक १९८५ ची व्हिंटेज.

४. बाटलीची तब्येत बघा

प्रकार कळला तरी ती विशिष्ट बाटली जगली आहे का, हे वेगळं तपासावं लागतं. बाटली सावकाश उभी करा, खोलीत अंधार करा आणि मानेमागे टॉर्च धरा. व्हिंटेजची काच जवळजवळ काळी असते, म्हणून प्रकाश मानेजवळच आरपार जातो.

पातळी मानेत असेल तर उत्तम. मानेच्या मुळाशी असेल तर तीस-चाळीस वर्षांच्या बाटलीला चालतं. खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल तर हवा आत गेली आहे, ठेवण्यात अर्थ नाही. मग बुचाभोवती बोट फिरवा. चिकट लागलं, वेष्टणाखाली वाळलेला काळपट ओघळ दिसला, बूच काचेच्या कडेपेक्षा वर आलेलं असलं, तर बाटलीने उष्णता सोसली आहे. अशी बाटली कोणत्याही प्रकारची असो, पुढच्या काही आठवड्यांत उघडा. नुसती वरच्या टोकाला बुरशी दिसली तर घाबरू नका, ओल्या फडक्याने पुसली की जाते.

५. आपल्या हवेचा हिशेब धरा

पुस्तकात "ठेवा" लिहिलेलं असतं ते १२ ते १५ अंशांच्या तळघरासाठी. ठाण्यात एप्रिल-मे महिन्यांत बंद खोलीतलं कपाट सहज तिशी ओलांडतं. घोडबंदर रोडच्या एखाद्या टॉवरमध्ये पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या माळ्यावर तर विचारू नका. उष्णतेने दोन गोष्टी होतात. मुरण्याचा वेग वाढतो आणि चव शिजल्यासारखी होते. शिवाय दिवसा द्रव फुगून बुचाला ढकलतो, रात्री आकसून हवा आत ओढतो. वर्षानुवर्षं हे चाललं की बूच सैल पडतं. म्हणजे आपल्या घरात बाटली "नुसती ठेवली" असं होतच नाही, दर उन्हाळा तिच्यातून काहीतरी काढून घेतो.

काकांची १९८५ ची बाटली वाचली त्याचं कारण मला वाटतं ते घर. तळमजला, जाड भिंती, उत्तरेकडची खोली, आणि फडताळात सगळ्यात खालचा कप्पा. तिथे काकू उन्हाळ्यात बटाटे ठेवायची.

फ्रीजबद्दल नेहमी विचारलं जातं. साधा फ्रीज चार-पाच अंशांचा, कोरडा आणि सतत थरथरणारा, म्हणून वर्षानुवर्षांसाठी योग्य नाही. पण मे महिन्यात माळा की फ्रीज असा प्रश्न असेल तर मी डोळे मिटून फ्रीज म्हणेन. पाच वर्षांहून जास्त ठेवायची असेल तर १३-१४ अंशांवर लावलेला वाइन कूलर लागतो. तो घ्यायचा नसेल तर ठेवायचा विचार सोडून द्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

६. आता ठरवा

टॉनी, कोल्येता, रूबी, रिझर्व्ह, टोपीच्या बुचाची एलबीव्ही: प्या.

व्हिंटेज, पण पातळी उतरलेली किंवा बूच झिरपलेलं: प्या, लवकर.

व्हिंटेज, चांगली तब्येत, तीस वर्षांहून जुनी आणि आपल्या हवेत राहिलेली: याच थंडीत, चार माणसं जमवून प्या.

व्हिंटेज, २००० नंतरची, चांगली तब्येत, आणि तुमच्याकडे थंड जागा: ठेवा, आडवी.

विकून पैसे करायचं कुणी सुचवेल. विनापरवाना मद्य विकणं आपल्याकडे गुन्हा आहे, ॲपवर जाहिरात टाकणंसुद्धा अंगाशी येईल. शिवाय तळघराचा इतिहास नसलेल्या बाटलीला लिलावातही कुणी फारसं विचारत नाही.

७. जुनी व्हिंटेज उघडताना

आम्ही काकूच्या पंच्याहत्तरीला, डिसेंबरात उघडली. चार दिवस आधी बाटली उभी केली. किमान एक दिवस तरी द्यायलाच हवा, म्हणजे साका तळाशी बसतो.

वरचं वेष्टण कापून मानेचा काठ ओल्या फडक्याने पुसा. जुनं बूच लांब असतं, वरून घट्ट आणि खालून भिजून मऊ झालेलं. स्क्रू अगदी मधोमध, शक्य तितका खोल घाला आणि हळूहळू ओढा. दोन पात्यांचं साधन असेल तर पाती काच आणि बूच यांच्या फटीत आळीपाळीने डोलवत खाली सरकवा, मग फिरवत वर घ्या. तापवलेल्या चिमट्याने मान तोडायची एक जुनी पद्धत आहे, ती स्वयंपाकघरातली सांडशी गॅसवर धरून करू नका. काचेचे कण आत गेले तर बाटली फेकावी लागेल.

आमचं बूच अर्ध्यात तुटलं. वरचा भाग हातात आला, खालचा भुसभुशीत होऊन आत पडला. काकूचा चेहरा पडला, पण यात काही बिघडत नाही, गाळताना ते निघतं. जांभळी नाक्यावरून आणलेली मलमल आम्ही साबण न लावता गरम पाण्यातून दोनदा काढून वाळवली होती. ती गाळणीवर अंथरली, खाली काचेचा जग. मानेखाली टॉर्च धरून बाटली एका धारेत, मध्ये न थांबता तिरकी करत गेलो. आधी स्वच्छ, माणकासारखी पण कडेला विटकरी झालेली धार. मग शेवटी मानेत काळी रेघ सरकताना दिसली, चहाच्या चोथ्यासारखी. तिथे थांबलो. तळाशी तीन-चार बोटं राहिली, ती सोडून द्यायची. मलमलीवर बुचाचे तुकडे आणि किरमिजी चिखल राहिला होता.

चाळीशीच्या बाटलीला हवेत फार वेळ ठेवू नका, गाळली की तासाभरात प्यायला घ्या. वीसेक वर्षांची असेल तर तीन-चार तास हवा मानवते.

८. चव घेताना काय ओळखायचं

अठरा अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्या घरातल्या तापमानापेक्षा थोडी गार. टॉनी त्याहून गार चांगली लागते. छोटा ग्लास, ६० ते ७५ मिलि. लिटरला साधारण १०० ग्रॅम साखर असते, म्हणजे एका छोट्या ग्लासात सात ग्रॅमच्या आसपास. घरात मधुमेह असलेल्यांना हे आधीच सांगा.

ओला पुठ्ठा, कुबट कपाट असा वास आला तर बूच खराब होतं. नेलपॉलिश किंवा व्हिनेगर नाकात चढलं तर पोर्ट बिघडली. शिजलेल्या मनुका आणि जळका गूळ एवढंच उरलं असेल तर ती उष्णतेने थकली आहे, अपाय नाही, पण आनंदही नाही. आमच्यात मनुका होत्याच, पण मागे सुकं अंजीर, थोडं आमसूल आणि जुन्या लाकडी पेटीचा वास होता. काकूने एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, "बरी थांबली रे."

सोबत अक्रोड आणि खारट चीज. टॉनीबरोबर मला तिळाची गुळपोळी फार आवडली.

९. उघडल्यावर किती दिवस

व्हिंटेज दोन-तीन दिवस, फार जुनी असेल तर त्याच रात्री. एलबीव्ही चार-पाच दिवस ते आठवडा. रूबी दोन आठवडे. टॉनी तीन-चार आठवडे आरामात. सगळ्या बूच लावून, फ्रीजमध्ये, उभ्या.

१०. ठेवणार असाल तर मानेला चिठ्ठी बांधा

काकांनी एवढं जपून ठेवलं, पण कुठली बाटली कुणासाठी आणि कधीसाठी, हे कुठेच लिहिलं नव्हतं. म्हणून तीन वाया गेल्या. पेन्सिलीने लिहा, शाई ओलीने पसरते. जाड पुठ्ठा घ्या, सुतळीने मानेला बांधा आणि घरातल्या आणखी एकाला दाखवून ठेवा. माझ्या कूलरमधल्या एकुलत्या एका बाटलीवर हे आहे:

"व्हिंटेज, २०१७. पोर्तोहून आणली, २०२३. तेव्हापासून १४ अंशांवर, आडवी. पांढरी खूण वर. २०४० च्या आधी उघडू नये. कूलर बंद पडला तर त्याच महिन्यात उघडावी, वाट बघू नये. मलमल खालच्या खणात आहे."